पाळी जाते तेव्हा

बाईच्या जन्मात दोन वळणे येतात. पहिले वळण पाळी येण्याचे. दुसरे वळण पाळी जाण्याचे. पहिल्या वळणावर आई जवळ असते. आत्या, मावशी असतात. त्या चार गोष्टी सांगतात. दुसऱ्या वळणावर मात्र बाई एकटी पडते. तोवर आई थकलेली असते, नाही तर देवाघरी गेलेली असते. लेकीसुनांपुढे बोलायची लाज वाटते. नवऱ्याला सांगावे, तर तो म्हणतो, "वय झालं आता, चालायचंच." मग बाई गप्प बसते. सारा त्रास अंगावर काढते.

काही बाया उलट करतात. घाबरून कोणत्याही दवाखान्यात जातात. तिथे कोणी सांगतो, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बाई कर्ज काढते आणि पिशवी काढून येते. कटकट मिटत नाही. कधी कधी ती वाढते.

या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. बरोबर वाट कोणती, ते या धड्यात पाहू.

पाळी जाते म्हणजे काय होते?

बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवी असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोष असतो. बदामाएवढा. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोषांत दहा ते वीस लाख बीजे असतात. पुढे नवी बीजे तयार होत नाहीत. असलेलीच हळूहळू कमी होत जातात. कणगीत दाणे भरले आणि वरून नवे टाकले नाहीत, तर कणगी कधी तरी रिकामी होणारच. तसेच हे आहे.

बीजकोष आणखी एक काम करतात. ते एक रस तयार करून रक्तात सोडतात. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात. या हार्मोनचे नाव इस्ट्रोजेन. पाळी येते ती त्याच्यामुळे. हाडे घट्ट राहतात, लघवीची जागा आणि योनीची जागा ओलसर राहते, तीही त्याच्यामुळे. अंगातली ऊब सांभाळणारा मेंदूचा भागही त्याच्यावर अवलंबून असतो.

बीजे संपत आली की हा रस कमी होतो. एकदम नाही, हळूहळू. कधी जास्त, कधी कमी. म्हणून पाळी मागेपुढे होऊ लागते. कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येत नाही. असे काही वर्षे चालते. मग एक दिवस पाळी येते आणि पुन्हा येत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली असे समजावे.

आपल्या देशात बहुतेक बायांची पाळी ४५ ते ५० या वयात जाते. सरासरी वय ४६-४७ वर्षे आहे. युरोप, अमेरिकेत ते ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्या बायांना हे वळण लवकर लागते. पाळी चाळिशीच्या आत गेली, तर ती साधी गोष्ट नव्हे. तेव्हा डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. लवकर पाळी गेलेल्या बाईची हाडे लवकर झिजतात आणि हृदयालाही धोका वाढतो.

हा आजार नाही. निसर्गाचा नेम आहे. पण नेम असला तरी त्याचा त्रास होऊ शकतो. आणि त्रासावर इलाज असतो. बाळंतपण हाही आजार नाही. तरी आपण सुईण, नर्स, डॉक्टर बोलावतोच की नाही?

काय काय त्रास होतो?

सगळ्या बायांना सारखा त्रास होत नाही. एखादीला काहीच कळत नाही. एखादी रडकुंडीला येते. त्रास असे असतात :

अंगातून वाफा येतात. छाती, मान, कानशिले एकदम तापतात. दरदरून घाम फुटतो. छातीत धडधडते. दोन-चार मिनिटांत हे सारे ओसरते आणि मग थंडी वाजते. रात्री असे झाले की लुगडे, पोलके ओले होते आणि झोप मोडते.

झोप नीट लागत नाही. झोप नाही म्हणून दिवसा डोके जड. मन चिडते. उगाच रडू येते. ठेवलेली वस्तू सापडत नाही. सांधे दुखतात.

योनीची जागा कोरडी पडते. आग होते, खाज सुटते. नवराबायकोच्या संबंधात दुखते. लघवीला वारंवार जावे लागते, जळजळ होते. खोकताना, शिंकताना लघवीचा थेंब सुटतो.

हे त्रास कुणाला वर्ष-दोन वर्षे होतात. कुणाला सात-आठ वर्षेही होतात.

एक त्रास मात्र कळत नाही. हाडांचा. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे हाडे झपाट्याने झिजतात. वाळवी लाकूड आतून पोखरते, वरून खांब चांगला दिसतो, तसे होते. मग साठीनंतर बाई नुसती न्हाणीत पाय घसरून पडते आणि मनगट मोडते किंवा खुबा मोडतो.

दोघी जावांचे बोलणे

बायांमध्ये हे बोलणे कसे निघावे? दोघी जावा अशा बोलल्या :

धाकटी : आक्का, एक विचारू का? कोणाला सांगू नका.

थोरली : विचार की. मी कशाला सांगते कोणाला?

धाकटी : मला रात्री भट्टीत बसल्यागत होतं बघा. अंगभर घाम. उठून बाहेर ओट्यावर बसते. हे म्हणतात, तुला काय लागीर झालं का?

थोरली : लागीर नाही गं. पाळी कशी आहे तुझी?

धाकटी : दोन महिने आली नाही. मग आली ती आठ दिवस गेली. सासूबाई म्हणायच्या, पाळी अडली की विटाळ अंगात साठतो आणि डोक्यात जातो. खरं का हो?

थोरली : मलापण तसंच वाटायचं. पण नर्सबाईंनी समजावून सांगितलं. पाळीचं रक्त म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर. दर महिन्याला नवं अस्तर धरतं आणि पडतं. अस्तर धरलंच नाही, तर साठणार काय? घरात पाहुणा आलाच नाही, तर तो अडकेल कुठून?

धाकटी : मग मी म्हातारी झाले म्हणायची?

थोरली : मी चोपन्नची आहे. खुरपायला तुझ्या पुढं असते का मागं?

धाकटी : पुढंच असता.

थोरली : मग झालं तर! पण तू तशीच बसू नकोस. तुला आठ-आठ दिवस जातंय. रक्त तपासून घे. परवा बुधवारी आपण दोघी सरकारी दवाखान्यात जाऊ. भाऊजींना मी सांगते.

थोरलीने तीन गोष्टी बरोबर केल्या. तिने हसण्यावारी नेले नाही. खोटी समजूत काढून टाकली. आणि ती बरोबर जायला निघाली. गावात अशी एक थोरली असली, तरी दहा बायांना आधार होतो.

घरी काय करावे?

वाफा येत असतील तर सुती, सैल कपडे वापरावेत. रात्री उशाशी गार पाणी ठेवावे. कडक चहा, फार तिखट जेवण, दारू यांनी काही बायांच्या वाफा वाढतात. आपल्याला कशाने वाढतात ते पाहावे आणि ते कमी करावे. निजायच्या आधी मोबाईल बाजूला ठेवावा. रोज ठरल्या वेळी निजावे.

हाडांसाठी चुना लागतो. पानाला लावतात तो चुना नव्हे. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. एक पेला दुधात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये, सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ आणि शेवग्याचा पाला यांतही भरपूर असते. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी करावी. तिळाची चटणी खावी. घरातले दूध सारेच डेअरीला घालू नये. घरच्या लक्ष्मीलाही एक पेला ठेवावा. कोवळ्या नव्हे, चढत्या उन्हात थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावे. त्याने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

घरकाम, शेतकाम करूनही चालण्याचा व्यायाम वेगळा लागतो का? शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला कमी लागतो. पण शहरात बसून काम करणारीने, शिवणयंत्रावर बसणारीने रोज अर्धा तास भरभर चालावे. पायऱ्या चढाव्यात. हाडावर भार आला की हाड घट्ट होते.

थेंब थेंब लघवी सुटत असेल तर एक सोपा व्यायाम आहे. लघवी अडवताना आपण आतले स्नायू आवळतो. तसे आवळावे. पाच अंक मोजावेत. सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसून, उभ्याने, भाकरी थापतानाही करता येतो. कोणाला कळतही नाही. दोन-तीन महिने नेमाने केला तर गुण येतो.

मिश्री आणि तंबाखू सोडावी. मिश्रीने दात घट्ट होतात ही समजूत खोटी आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. कर्करोग म्हणजे कॅन्सर.

आणि एक गोष्ट. पाळी मागेपुढे होऊ लागली म्हणजे दिवस राहायची भीती गेली, असे नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली असेल, तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष काळजी घ्यावी. पन्नाशीच्या आत थांबली असेल, तर दोन वर्षे घ्यावी.

औषध आहे का?

आहे. जो रस अंगात कमी पडला, तोच औषधाच्या रूपात देता येतो. त्याला हार्मोनचा उपचार म्हणतात. गोळी असते, अंगाला लावायचे मलम असते. वाफा आणि रात्रीचा घाम यांवर याच्याइतके गुणकारी दुसरे औषध नाही. त्याने हाडेही टिकतात.

मग सगळेजण या औषधाला भितात का? त्याची एक हकीकत आहे. २००२ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी मध्येच थांबवण्यात आली. ज्या बाया दोन हार्मोनांच्या गोळ्या घेत होत्या, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग थोडा जास्त दिसला. दर दहा हजार बायांमागे वर्षाला सुमारे ८ बाया जास्त. ही बातमी जगभर गेली. बायांनी गोळ्या टाकून दिल्या. डॉक्टरही लिहून द्यायला कचरू लागले. पण त्या पाहणीतल्या बायांचे सरासरी वय ६३ होते. पुष्कळजणींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षे झाली होती. पुढे नीट छाननी झाली. तेव्हा कळले की, साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत औषध सुरू केले, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो.

तरी हे औषध दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. ज्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होऊन गेला आहे, यकृताचा मोठा आजार आहे, तिला ते सहसा देत नाहीत. अंगावरून का जाते याचे कारण कळलेले नाही, तिलाही देत नाहीत. ज्या बाईची गर्भपिशवी शाबूत आहे, तिला इस्ट्रोजेन एकटे देत नाहीत. बरोबर प्रोजेस्टेरॉन नावाचे दुसरे हार्मोन देतात. नाही तर पिशवीचे अस्तर फाजील वाढते आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. शेजारणीची गोळी आपण का घेऊ नये, ते यावरून समजेल.

ज्यांना हार्मोन चालत नाही, त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी दुसरी औषधे आहेत. नुसती आग आणि कोरडेपणा असेल, तर आतून लावायचे मलम मिळते. लाजेने हे दुखणे वर्षानुवर्षे सोसणाऱ्या बाया आहेत. मलमाने काही आठवड्यांत आराम पडतो. डॉक्टरीणबाईंना सांगताना शब्द सुचला नाही, तर एवढेच म्हणावे, "बाई, खाली कोरडं पडतं, आग होते." त्या समजतात.

मन फार खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. टेलीमानस ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

पिशवी काढण्याची घाई

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला जातात. दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम त्या कोयत्याला आधी उचल देतो. मग काम करून ती फेडायची. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो, म्हणजे दंड बसतो. फडात संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. अशा ठिकाणी पाळी आली की बाईचे हाल कुत्रा खात नाही. कापड धुवायला, वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पोट दुखते.

मग ती दवाखान्यात जाते. तिथे काही ठिकाणी तिला सांगितले गेले, "पिशवी खराब झाली. कॅन्सर होईल. काढून टाका." कॅन्सर म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? दोन-तीन मुले झालेली. पाळीची कटकट जाईल, खाडे चुकतील, असेही वाटते. बाई पिशवी काढते. ऑपरेशनचे पैसे फेडायला पुन्हा उचल घेते.

ही गोष्ट २०१९ साली उघड्यावर आली. सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ बायांची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायांमागे एक. साऱ्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमागे हे प्रमाण सुमारे तीन होते. फरक केवढा आहे ते पाहा. पुष्कळ बायांचे वय चाळिशीच्याही आत होते.

पिशवी काढल्याने काय होते? पाळी थांबते, हे खरे. पण ऑपरेशनमध्ये बीजकोषही काढले, तर अंगातला रस एका दिवसात आटतो. जे पन्नाशीला हळूहळू व्हायचे, ते तिशी-पस्तिशीत एकदम होते. वाफा, घाम, निद्रानाश, सांधेदुखी, हाडांची झीज. बीजकोष ठेवले, तरीही ते पुष्कळदा वेळेआधी थकतात. ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली, ती तशीच राहते, कारण तिचे मूळ डोक्यावरच्या मोळीत असते, पिशवीत नसते. शिवाय ऑपरेशननंतर सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नसते. फडात ही विश्रांती कोण देणार?

पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो जंतूंचा त्रास असतो आणि औषधाने बरा होतो. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल, तर त्याची साधी तपासणी आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले ॲसिटिक आम्ल लावतात आणि रंग बदलतो का ते डोळ्यांनी बघतात. ते आम्ल व्हिनेगरसारखेच असते. दोन-चार मिनिटांचे काम. दुखत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने वस्त्यांमधल्या दीड लाख बायांबरोबर अनेक वर्षे काम करून दाखवून दिले की, या साध्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात. तपासणी करणाऱ्या बाया मोठ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तिशीनंतर प्रत्येक बाईने ही तपासणी करून घ्यावी.

पिशवी कधीच काढू नये, असे मात्र नाही. पिशवीचा कर्करोग असेल, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल, मोठ्या गाठी असतील, अंग बाहेर येत असेल, तर ऑपरेशन योग्य ठरू शकते. पण रक्तस्रावावर आधी दुसरे उपाय करून पाहतात. रक्त कमी जावे म्हणून गोळ्या असतात. हार्मोन सोडणारी तांबी पिशवीत बसवता येते. रक्तवाढीच्या गोळ्या असतात. ऑपरेशन हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

बीडच्या प्रकरणानंतर त्या जिल्ह्यात नियम झाला की, खाजगी दवाखान्याने पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची संमती घ्यावी. २०२२ साली केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. म्हणजे कायदा बाईच्या बाजूने उभा राहिला आहे. पण दवाखान्यात प्रश्न विचारायचे काम बाईलाच करावे लागते.

डॉक्टरांना काय विचारावे?

ऑपरेशन सांगितले की अंगठा उठवण्याआधी किंवा सही करण्याआधी हे विचारावे :

१. मला नेमके काय झाले आहे? कागदावर लिहून द्या.

२. कोणती तपासणी करून हे कळले? तिचा कागद मला द्या.

३. औषधाने बरे होणार नाही का? औषध किती दिवस घेऊन पाहू?

४. बीजकोष ठेवणार की काढणार? काढणार तर का?

५. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन आले तर चालेल ना?

चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. जो रागावतो, जो "आजच ऑपरेशन करा" म्हणून घाई करतो, त्याच्याकडून कागद घ्यावेत आणि सरकारी रुग्णालय गाठावे. खूप रक्त जात असेल तेव्हाची घाई वेगळी. एरवी चार दिवस थांबून विचार करायला हरकत नसते.

कुठे जावे?

गावातल्या आशाताईंना आधी विचारावे. उपकेंद्रात नर्सबाई असतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर तिथे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ मिळतात. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले आहेत.

रक्ताची तपासणी जरूर करावी. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. धाप, थकवा, धडधड रक्त कमी असल्यानेही होते आणि थायरॉईड बिघडल्यानेही होते. सारे काही पाळीच्या माथी मारू नये.

जाताना पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. तुम्हांला आता लिहिता येते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या दिवशी खूण करावी. वाफा किती वेळा येतात ते लिहावे. डॉक्टरांना अर्धी गोष्ट त्या कागदावरून कळते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते एक थेंब का असेना, लगेच दाखवावे. "पाळी परत आली" म्हणून आनंद मानू नये. अशा सुमारे दहा-अकरा बायांमागे एकीला पिशवीच्या अस्तराचा कर्करोग असतो. बाकीच्यांचे कारण साधे असते. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. लवकर सापडला तर हा कर्करोग बहुधा बरा होतो.

पाळीत गाठी पडत असतील, दर तासाला कापड बदलावे लागत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, स्तनात गाठ लागत असेल, तरीही वाट पाहू नये.

घरच्या माणसांसाठी

हा धडा पुरुषांनीही वाचावा. बायको चिडली, रडली, रात्री उठून बसली, तर ती नाटक करत नाही. तिच्या अंगात बदल चालू आहे. तिला विचारावे, "तुला काय होतंय?" पाण्याचा हंडा आपण भरून आणावा. दवाखान्यात बरोबर जावे. संबंधात दुखते म्हणाली तर ऐकावे. बैल थकला तर आपण त्याला जुंपत नाही. मग घर चालवणाऱ्या माणसाला एवढे तरी द्यायला नको का?

ध्यानात ठेवा

पाळी जाणे हा आजार नाही. पण त्रास असेल तर इलाज आहे.

चाळिशीच्या आत पाळी गेली तर डॉक्टरांना दाखवा.

पाळी गेल्यावर रक्त दिसले तर लगेच दाखवा.

पांढरे जाते म्हणून पिशवी काढू नका. आधी तपासणी, मग औषध, शेवटी ऑपरेशन.

दूध, नाचणी, तीळ, ऊन आणि चालणे यांनी हाडे टिकतात.

वर्गात बोला

तुमच्या गावात किती बायांची पिशवी काढली आहे? कोणत्या वयात काढली? त्यांना काय सांगितले होते?

तुमच्या उपकेंद्रात पिशवीच्या तोंडाची तपासणी होते का? होत नसेल, तर कोणाला विचाराल?

पुढच्या वर्गाला येताना एक मैत्रीण बरोबर आणा. तिला हा धडा वाचून दाखवा.